जबलपूरचा स्टँडबाय पास

“मॅडम, तुमचे बाबूजी बाहेर बसलेत. पण आज त्यांचं काही जमेल असं वाटत नाही. विमान पूर्ण भरलंय.”

अंशुलनं हे मला विमानाच्या शिडीपाशी येऊन सांगितलं. तो आमच्या कंपनीचा जबलपूर विमानतळावरचा माणूस. मे महिन्यातली रविवारची दुपार होती. खालचं डांबर इतकं तापलं होतं की बुटांच्या तळव्यांतून चटका जाणवत होता. मी विमानाभोवती फेरी मारून चाकं, पंखे तपासत होते. मी तेव्हा सातपुडा एअरमध्ये सहवैमानिक होते. कंपनी लहान, विमानं पंख्यांची, सत्तर माणसं बसतील एवढी. नागपूरहून रायपूर, इंदूर, जबलपूर, बेळगाव अशा गावांना ती जायची.

बाबा जबलपूरला आहेत हे मला माहीत होतं. शुक्रवारी सकाळी मीच त्यांना गाडीनं नागपूरच्या विमानतळावर सोडलं होतं. त्यांना मात्र मी इथं आहे हे माहीत नव्हतं. माझी रविवारची ड्यूटी रायपूरची होती. जबलपूरला जाणारा सहकारी सकाळी तापानं आडवा झाला आणि ऐनवेळी मला या विमानावर पाठवलं. मला गंमत वाटली. बाबा माझ्या विमानात कधीच बसले नव्हते. दर गुरुवारी संध्याकाळी ते माझं वेळापत्रक विचारायचे, आणि जबलपूरचं विमान माझ्याकडे असलं की जाणं पुढं ढकलायचे. “तू चालवून राहिली आणि मी मागं बसलो, हे माझ्या छातीला झेपायचं नाही,” असं म्हणायचे. मी हसायचे. बापाचं काळीज, दुसरं काय, असं समजायचे.

“यादीत कितवे आहेत?” मी अंशुलला विचारलं.

“पहिलेच आहेत. पण सीट उरली तर ना.”

स्टँडबाय म्हणजे हेच. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना पास मिळतो, पण जागेची खात्री नसते. पैसे भरून तिकीट काढलेले सगळे बसले आणि तरीही एखादी सीट रिकामी राहिली, तर ती तुमची. नाही राहिली तर पुढच्या विमानाची वाट बघायची. ज्यांच्या घरात कुणी विमान कंपनीत आहे त्यांना हे ताटकळणं ठाऊक असतं. पिशवी भरलेली, बूट घातलेले, आणि तरी आपण जाणार की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही.

तेवढ्यात कॅप्टन अरोरांनी वरून हाक मारली. नागपूरला धुळीचं वादळ उठलं होतं, म्हणून आम्हाला निघायची परवानगी मिळत नव्हती. निदान तासभर तरी आम्ही हलणार नव्हतो.

“सर, माझे वडील बाहेर बसलेत. मी पाच मिनिटं जाऊन येऊ?”

“जा की. चहा पाजून ये त्यांना,” ते म्हणाले.

मी टोपी काखेत मारली आणि निघाले. 

त्या पासची हकिगत इथंच सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातात दोन नोकऱ्या आल्या होत्या, एकाच आठवड्यात. एक दिल्लीच्या मोठ्या कंपनीतली. मोठी जेट विमानं, पगारही मोठा. दुसरी सातपुडाची, नागपुरातच. माझ्या बरोबरच्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं विचार न करता दिल्ली म्हटलं असतं. वैमानिकाच्या नोकरीत तुम्ही कधी रुजू झालात यावर सगळं अवलंबून असतं. कॅप्टन कधी होणार, कोणती विमानं मिळणार, सुट्टी कधी, सगळं त्या तारखेवरून ठरतं. मागं पडलं की माणूस मागंच राहतो.

पण त्या वर्षी बाबांचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. ते सरकारी कारखान्यात फोरमन होते. मी शाळेत असताना त्यांची बदली जबलपूरला झाली आणि मी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत ते तिथंच होते. आई आणि मी नागपुरात, मानेवाड्याच्या घरात. ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. बदली परत नागपूरला झाल्यावरही त्यांचं जबलपूरला जाणं सुटलं नव्हतं. तिथले त्यांचे जिवलग मित्र तिवारीकाका अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते आणि बाबा त्यांना भेटायला बसनं जायचे. ऑपरेशननंतर ते बंद पडलं. बस काय, रेल्वे काय, एवढा लांबचा प्रवास त्यांच्या कंबरेला चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नोकरीही तेव्हाच संपली. बाबा दिवसभर घरात बसून असायचे.

दोन्ही कंपन्यांची पत्रं घेऊन आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. बाबांनी चष्मा लावून पगाराचं पान उलटं ठेवलं आणि घरच्यांच्या प्रवासाचे नियम वाचायला घेतले.

“हे बघ. दिल्लीवाले आईवडिलांना पास देतात, पण वर्षातून मोजक्या वेळा. आणि रांगेत सगळ्यात शेवटी. त्यांचे कर्मचारी किती, हजारोंनी. आपला नंबर लागायचा कधी?”

“बाबा, पासवर का नोकरी ठरवतात?”

“ऐक तर. सातपुडामध्ये आईवडील कितीही वेळा जाऊ शकतात. फक्त विमानतळाचा कर भरायचा. आणि रांगेत बायकोपोरांच्या बरोबरीनं. माणसं कमी, विमानं अर्धी रिकामी.” ते थोडं थांबले. “तुझ्या आईनं आजवर विमान आतून बघितलं नाही, प्रणोती. मी तर आता बसमध्ये बसू शकत नाही. तू पायलट होऊन आम्हाला काय मिळालं, असं लोक विचारतील तर काय सांगू?”

ते हसत म्हणाले होते, पण मला लागलं. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी कारखान्यातून मिळालेलं सगळं घातलं होतं.

मी आईकडे बघितलं. ती पोळ्या लाटत होती. “तुला काय वाटतं?”

आईनं लाटणं थांबवलं नाही. “बाबा म्हणतात तसं कर. जवळ राहशील.”

मी दिल्लीला नकार कळवला. पहिल्या पगाराच्या आधी दोघांचे पास करून घेतले. आई काही गेली नाही. कधी कानात दडे बसतील म्हणाली, कधी पाहुणे येऊन राहिले म्हणाली. मी तीनदा तिला तयार केलं आणि तीनदा ती ऐनवेळी मागं फिरली. बाबा मात्र महिन्यातून दोनदा जायला लागले. मित्रासाठी एवढं करणारा माणूस आजकाल मिळत नाही, असं शेजारचे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

जबलपूरचा तो विमानतळ तेव्हा लहानच होता. इमारतीच्या बाहेर कंपन्यांच्या तिकीटखिडक्या होत्या आणि त्यांच्यासमोर पत्र्याच्या सावलीत लोखंडी खुर्च्यांची एक रांग. स्टँडबायवाले तिथंच बसायचे, म्हणजे अंशुलला हाक मारता यायची.

बाबा टोकाच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या कंबरेमागं एक लहान उशी होती. ही आपल्या घरची उशी नाही, एवढंच आधी माझ्या मनात आलं. त्यांच्यासमोर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी गुडघ्यांवर बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधत होती. ऑपरेशननंतर त्यांना वाकता येत नसे. घरी हे काम माझं होतं. नाडी सैल झाली की त्यांना चालत नाही आणि घट्ट झाली की पाऊल दुखतं, त्यामुळे मी गाठ मारायच्या आधी थांबून विचारत असे.

ती मुलगीही थांबली. वर बघत म्हणाली, “पापा, टाइट तो नहीं हुआ?”

“नहीं बेटा. बस.”

मी चार पावलांवर उभी होते. मला वाटलं, तिवारीकाकांची नात असेल. इकडची मुलं सगळ्याच मोठ्या माणसांना काही ना काही नात्यानं हाक मारतात. मी स्वतःला हे सांगत असतानाच तिकीटखिडकीकडून एक बाई पाण्याची बाटली भरून घेऊन आल्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, केसांत थोडं पांढरं. त्यांनी झाकण उघडून बाटली बाबांच्या हातात दिली, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या शर्टाची मागची कॉलर सरळ केली. न बघता. रोजचं काम करतो तसं.

तेवढ्यात त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. माझा पांढरा शर्ट, खांद्यावरच्या पट्ट्या. तिचा चेहरा उजळला.

“पापा! प्रणोती दीदी!”

बाबा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. आधी काहीच आलं नाही. मग ते म्हणाले, “तुझी आज रायपूर होती ना?”

इतक्या वर्षांत मला त्या क्षणातलं सगळ्यात जास्त हेच वाक्य आठवतं. दर गुरुवारचा त्यांचा तो प्रश्न कशासाठी होता, हे मला त्या वाक्यानं कळलं.

“बदलली,” मी म्हणाले.

त्या बाई एकदम उभ्या राहिल्या. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी उचलली आणि खुर्ची पदरानं पुसली. “बैठिए ना. धूप में आई हैं.”

मी बसले नाही. “तिवारीकाका कसे आहेत, बाबा?”

बाबांनी बाटली खाली ठेवली. “तिवारी गेला,” ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले. “तुझं ट्रेनिंग चालू होतं तेव्हाच.”

“मग तुम्ही इथं कुणाकडे येता?”

मुलीला मराठी कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसत होती, एवढी की मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिनं हात पुढं केला. “मैं सृष्टी. पापा आपका फोटो दिखाते हैं. दीदी, मैं भी पायलट बनूँगी.”

तिची हनुवटी माझ्यासारखी होती. बाबांसारखी.

“सृष्टी, चुप,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अडखळत बोलल्या. “आप नाराज़ हैं क्या? हमें तो यही मालूम है कि आप सब जानती हैं. पास भी आपने ही बनवाया.”

“मी?”

मला त्यांच्याशी हिंदीत बोलायचं भान राहिलं नव्हतं. पण त्यांना कळलं. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा रस्त्याकडे बघत होते.

आणि मग त्या पोरीनं, अगदी मनापासून, मला सांगितलं, “पापा ने बताया था. दीदी ने दिल्ली की बड़ी कंपनी छोड़ दी, ताकि पापा हमारे पास आ सकें. थैंक यू, दीदी.”

पलीकडच्या खुर्चीवर एक म्हातारा वर्तमानपत्रानं वारा घेत होता. एक टॅक्सीवाला गिऱ्हाईक शोधत आमच्यासमोरून गेला. मला त्या पोरीवर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं तर आभार मानले होते. तिच्या घरात मी तीन वर्षं एक मोठ्या मनाची मुलगी म्हणून वावरत होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

“खरं आहे का हे, बाबा?” मी विचारलं. “त्या दिवशी टेबलाशी बसून तुम्ही नियम वाचत होता, ते यासाठी?”

“प्रणोती, इथं नको.”

“एवढंच सांगा. यासाठी?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “माझी कंबर गेली होती. मला दुसरा रस्ता नव्हता.”

त्या बाईंना शब्द कळले नसतील, पण त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सृष्टीला हाताला धरून दोन खुर्च्या पलीकडे नेलं. त्यांनाही त्या दुपारी काहीतरी कळत होतं. त्यांचं नाव ज्योत्स्ना, हे मला नंतर समजलं. 

अंशुल धावत आला. “मॅडम, नागपूर खुलं झालंय. आणि एक प्रवासी उशीर झाला म्हणून रागावून परत गेला. एक सीट आहे. बाबूजींना देऊ ना?”

यादीत बाबांच्या मागं आमच्या एका मेकॅनिकची बायको होती, अंगावर तान्हं मूल घेऊन. अंशुलनं मला विचारलं ते निव्वळ सौजन्यानं. मी नुसतं त्या मेकॅनिकच्या बायकोकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. बाबाही काही बोलले नसते.

“यादीप्रमाणे कर,” मी म्हणाले आणि वळले.

विमानात बसल्यावर मी कॅप्टनना म्हटलं, “सर, परतीचं विमान मी चालवणार होते. पण आज तुम्हीच चालवा. मी रेडिओ आणि बाकीचं बघते.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. “वडील आजारी आहेत का?”

“नाही सर. बसलेत मागं.”

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मी चेकलिस्ट वाचल्या, बटणं दाबली, नागपूरशी बोलले. सातपुड्याच्या डोंगररांगांवर धूळ लोंबत होती आणि विमान हलत होतं. मागं शेवटच्या रांगेत बाबा होते. हवाई सुंदरीनं आत येऊन सांगितलं, “तुमचे बाबा सगळ्यांना सांगतायत, पुढं माझी मुलगी बसली आहे म्हणून.” मी मान हलवली.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. वर्धा रोडच्या सिग्नलला बाबा पहिल्यांदा बोलले.

“तुझ्या आईला सांगू नको. तिला झेपणार नाही.”

सिग्नल सुटला. मी गाडी पुढं काढली.

“मी तुम्हाला काही कमी पडू दिलं का? तुला पायलट केलं. सांग, काही कमी केलं का?”

“सीटबेल्ट लावा,” मी म्हणाले. त्यांनी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गच्चीवर होती. उन्हाळ्यात तिच्या कुरडया असायच्या. जुनी साडी अंथरून, सोऱ्यात गव्हाचा शिजवलेला चीक भरून ती एकेक गोल घालत होती. मला बघून म्हणाली, “उठली का? धर ते टोक, उडून राहिलंय.”

मी साडीचं टोक धरून बसले. बाबा खाली झोपले होते. मी रात्रभर ठरवत होते कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. आईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं आणि मला त्याची भीती वाटत होती. शेवटी मी सरळच सांगितलं. की काल मी जबलपूरला होते. बाबांना बघितलं. तिवारीकाका नाहीत. एक बाई आहेत, आणि एक मुलगी.

आईनं घातलेला गोल पूर्ण केला. सोऱ्या ताटलीत ठेवला.

“केवढी झाली मुलगी?” तिनं विचारलं.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तुला माहीत होतं?”

“तू बारावीत होती तेव्हापासून.” ती ओल्या हाताला चिकटलेला चीक बोटानं निपटत होती. “तेव्हा पुष्कळ भांडले. तुझी परीक्षा होती म्हणून आवाज खाली ठेवून भांडले. मग थकले.”

“आणि मला काही सांगितलं नाही.”

“काय सांगणार होते? शिकत होतीस.”

“शिकून झाल्यावर, आई. त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. दोन्ही पत्रं तुझ्यासमोर होती. तुला ठाऊक होतं त्यांना सातपुडा कशासाठी हवी आहे ते.”

तिनं मान खाली घातली नाही. हे मला अजून आठवतं. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं.

“ठाऊक होतं.”

“मग?”

“ऑपरेशननंतर आठ महिने ते घरात होते. तू पायलटच्या शिक्षणाला बाहेरगावी, तुला काय कळायचं? जायला मिळत नाही याचा सगळा राग माझ्यावर. ताट भिरकावलं तर मी उचलायचं. दिवसच्या दिवस बोलायचे नाहीत, आणि बोलले तर शेजारी ऐकायचे. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पाय न वाजवता जायची, माहीत आहे तुला?” तिचा आवाज चढला नाही. “तू दिल्लीला गेली असतीस तर मी त्यांच्याबरोबर त्या घरात कायमची कोंडली गेले असते. पास मिळाला आणि ते जायला लागले. ते गेले की दोन दिवस माझे असतात. आले की चार दिवस नीट बोलतात. मला तेवढं पुरत होतं.”

“आणि माझं?”

“तुझी नोकरी तर होती ना हातात. विमानच चालवून राहिली ना.”

“माझ्याबरोबरची मुलं पुढच्या वर्षी मोठ्या विमानांवर कॅप्टन होतील. मी तुम्हाला विमानात बसवायचं म्हणून थांबले. तू एकदाही बसली नाहीस.”

“कशी बसणार? ज्या पासवर ते तिकडे जातात त्याच पासवर मी फिरायला जाऊ?”

मी साडीचं टोक सोडलं. वाऱ्यानं ते उलटलं आणि दोन ओल्या कुरडया एकमेकींना चिकटल्या. आईनं वाकून टोक ओढलं, त्यावर वीट ठेवली.

“मला विचारायचं होतंस, आई. एवढंच. मला सांगून विचारायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

ती खरं बोलत होती. मी उठले. जिन्यापाशी गेले तेव्हा तिनं हाक मारली.

“प्रणोती, त्यांचं नाव काढू नको पासवरून.”

बाबांनी मला फसवलं हे मी पुढं कधीतरी पचवलं. लहानपणापासून ते येणारे-जाणारेच होते, त्यांच्याबद्दल एक जागा मनात रिकामी ठेवायची सवय होती. पण आई माझ्या बाजूची आहे यात मला कधी शंका आली नव्हती. गच्चीवरून खाली येताना मला माझ्याच घराचा जिना ओळखीचा वाटेना.

मी नाव काढलं नाही. नोकरी सोडली. दिल्लीच्या त्याच कंपनीत परत अर्ज केला, पुन्हा परीक्षा दिली, आणि ज्यांच्याबरोबर पहिल्यांदा निवड झाली होती त्यांच्या तीन वर्षं मागं जाऊन रांगेत उभी राहिले. त्यातल्या एकाच्या उजवीकडे, सहवैमानिकाच्या जागी बसून मी पुष्कळ वर्षं विमान चालवलं. तो भला माणूस होता, त्यानं कधी विचारलं नाही. मी सातपुडा सोडली त्या दिवशी दोघांचेही पास आपोआप रद्द झाले. तो तिथला नियमच होता.

सृष्टीनं काही वर्षांनी कुठून तरी माझा नंबर मिळवून मला निरोप पाठवला होता. पायलट व्हायला बारावीला कोणते विषय लागतात, एवढंच विचारलं होतं. मी उत्तर दिलं. कोणत्या संस्था बऱ्या, डोळ्यांची तपासणी आधी का करून घ्यावी, सगळं सविस्तर लिहिलं. त्या घराला मी जाणूनबुजून दिलेलं तेवढंच.

दिल्लीला रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात बाबांचा फोन आला होता. अभिनंदन केलं. जेट विमान कसं वाटतं ते विचारलं, खोली मिळाली का, डबा कसा आहे. मग जरा घुटमळले.

“तुमची कंपनी जबलपूरला जाते ना?”

“जाते.”

“आईवडिलांना पास आहे, मी वाचलं होतं तेव्हा. वर्षातून थोडे आहेत, पण आहेत.”

“आहेत. मी नावं दिली नाहीत.”

मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. आई होती. ती जवळच उभी राहून ऐकत असणार.

“त्यांची कंबर बसनं जाण्यासारखी नाही, प्रणोती,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.